कॉमर्सची आहे, माहिती प्रणालीचा पेपर झेपेल का?

बी.कॉम. करून एमबीएच्या पहिल्या वर्षाला आलेली विद्यार्थिनी. अकाउंट्स पक्कं, पण माहिती प्रणालीच्या पेपरची धास्ती. "मॅडम, मला कोडिंगचं ओ की ठो कळत नाही. वर्गात निम्मे इंजिनिअर. मला जमेल का?"

टीपीएस (रोजचे व्यवहार नोंदवणारी प्रणाली), एमआयएस (व्यवस्थापनाला अहवाल देणारी), डीएसएस (निर्णयाला मदत करणारी), ईआरपी (सगळे विभाग एकत्र जोडणारी), सगळ्यांच्या व्याख्या तिला पाठ होत्या. औषधाच्या दुकानात बिल फाडलं की ती माहिती पुढे कुठे कुठे जाते, असं विचारल्यावर मात्र ती अडली. अडचण कोडिंगची नव्हतीच. या विषयाच्या पायाला प्रोग्रॅम लिहावा लागत नाही, व्यवहाराचा माग काढावा लागतो. जर्नलवरून लेजर आणि लेजरवरून ट्रायल बॅलन्स काढणाऱ्याला ते निम्मं येतंच.

तिच्या मामांचं मेडिकल आहे. तिथली थोडी बिलं, गिऱ्हाइकांची नावं वगळून, एक्सेलमध्ये उतरवायला सांगितलं. तिने सगळं एकाच शीटमध्ये कोंबलं. कुठे 'पॅरासिटामॉल ५००', कुठे 'पॅरासिटामोल ५०० एमजी'. गोळी एकच, पण विक्रीची बेरीज दोन जागी फुटली. सुरुवातीला हे हमखास होतं.

मग चार तक्ते केले: औषधं, बॅच, बिलं आणि बिलातल्या ओळी. औषधाचं नाव एकदाच लिहायचं, बाकी सगळीकडे त्याचा कोड. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना मांडलेल्या रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती एकमेकांशी जुळणाऱ्या तक्त्यांत ठेवण्याच्या पद्धतीचा, गाभा इथे हाताला लागतो. ००१२ असे कोड भरण्याआधी कॉलम 'टेक्स्ट' करून घ्यायचा. नाहीतर एक्सेल पुढची शून्यं खातं आणि तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत.

प्रायमरी की, म्हणजे तक्त्यातली प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारी खूण, समजायला जीएसटीचा नियम फार कामाचा. बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि एका आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा हवा. म्हणजे १ एप्रिलपासून मालिका पुन्हा १ पासून सुरू करता येते. दोन वर्षांची बिलं एकत्र केली की नुसता क्रमांक पुरत नाही. वर्ष आणि क्रमांक मिळून की होते.

बॅचचा तक्ता वेगळा कशाला, हा तिचा प्रश्न रास्त होता. साठा नुसत्या नावावर ठेवला तर '४० पट्ट्या शिल्लक' एवढंच दिसतं. त्यातल्या १५ पट्ट्यांची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय, हे दिसत नाही.

एवढं झाल्यावर पाठ केलेले शब्द आपापल्या जागी बसले. बिल होताच साठा कमी होतो, ते टीपीएसचं काम. ९० दिवसांत मुदत संपणाऱ्या बॅचची यादी एमआयएस देतं. रोज १२ पट्ट्या खपतात, माल यायला ३ दिवस लागतात, राखीव १० हव्यात. तर साठा ४६ वर येताच ऑर्डर द्यायची. स्टॉकिस्टने ५ दिवस लावले तर? तोच आकडा ७०. असं 'समजा' घालून पाहू देणारा तक्ता हे छोटं डीएसएसच. खरेदी, साठा आणि हिशेब एकाच डेटाबेसवर चालले की ईआरपी.

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, यानंतर, आणि सुरुवातीला सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय, जॉइन एवढंच.

सध्या ती परत आलेल्या मालापाशी आहे. मूळ बिल खोडायचं नाही. क्रेडिट नोटची (परत मालाची रक्कम वजा दाखवणाऱ्या कागदाची) वेगळी ओळ करून तिला मूळ बिलाचा क्रमांक आणि बॅच जोडायची.