'सुट्टीत काय केलंस?' एवढं विचारून भागत नाही

प्रश्न : मी सहावीला इंग्रजी शिकवते. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला प्रत्येकाला उभं करून सुट्टीविषयी बोलायला लावते. सगळी मुलं तीच दोन वाक्यं म्हणतात आणि खाली बसतात. याचा खेळ कसा करू?

मुलं दोनच वाक्यं बोलतात, कारण तिसरं ऐकायची कुणाला गरजच नसते. ऐकणाऱ्याला काहीतरी शोधून काढायचं असेल, तर बोलणं आपोआप लांबतं. खेळ निवडताना मी एकच गोष्ट तपासते : जे व्याकरण पक्कं करायचं आहे, ते न वापरता हा खेळ जिंकता येतो का? येत असेल, तर मजेसाठी खेळा, पण सराव झाला असं मानू नका.

या परीक्षेत हमखास उतरणारा खेळ म्हणजे 'ॲलिबाय'. दोन मुलांनी सुट्टीतली एक संध्याकाळ बरोबर घालवली, असं कल्पायचं. त्यांना पाच मिनिटं वर्गाबाहेर पाठवा. तिथे त्यांनी गोष्ट जुळवायची. तेवढ्यात वर्गानं प्रश्न तयार करायचे. मग एकेकाला आत बोलावून तेच प्रश्न विचारायचे. उत्तरं जुळली नाहीत की वर्ग जिंकला. 'व्हॉट वेअर यू वेअरिंग?' 'हू पेड फॉर द टिकिट्स?' 'व्हॉट वॉज युअर फ्रेंड डुइंग व्हेन द रेन स्टार्टेड?' साधा भूतकाळ आणि अपूर्ण भूतकाळ इथे शेजारी शेजारी येतात आणि दोन्हींवाचून अडतं.

खरा फायदा प्रश्न विचारण्यात आहे. एरवी वर्गात मुलं फक्त उत्तरं देतात, त्यामुळे 'डिड यू वेन्ट' ही चूक दडूनच राहते. इथे ती पहिल्या मिनिटाला बाहेर येते. 'हू पेड'मध्ये 'डिड' का नाही, हेही इथेच सांगून टाका : 'हू' हाच त्या वाक्याचा कर्ता आहे.

आणखी दोन चुका कान देऊन ऐका, कारण त्या थेट मराठीतून येतात. 'आम्ही समुद्रावर गेलो होतो' हे आपल्याला इतकं सहज वाटतं, की मुलं 'वुई हॅड गॉन' म्हणतात. इंग्रजीत तिथे 'वुई वेन्ट' पुरतं. 'हॅड' लागतं ते भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची दाखवायला : 'व्हेन वुई रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' दुसरी चूक 'आय एन्जॉइड अ लॉट'. मराठीत 'खूप एन्जॉय केलं' चालतं. इंग्रजीत 'एन्जॉय'ला कर्म हवं. 'आय एन्जॉइड द ट्रिप' म्हणा, नाहीतर 'आय एन्जॉइड मायसेल्फ'.

प्रश्न : 'विल', 'गोइंग टू' आणि 'आय ॲम लीव्हिंग टुमॉरो' यांतला फरक नियम पाठ करूनही बोलताना आठवत नाही.

नियम बाजूला ठेवा आणि स्वतःचं मराठी ऐका. तिकिटं हातात आहेत, दिवस ठरला आहे, तेव्हा आपण म्हणतो, 'उद्या निघतोय.' इंग्रजीतही तेच रूप : 'वुई आर लीव्हिंग टुमॉरो.' मनात बेत आहे, पण व्यवस्था झालीच असेल असं नाही, तेव्हा 'या सुट्टीत पोहायला शिकणार आहे' : 'आय ॲम गोइंग टू लर्न स्विमिंग.' आणि कुणी म्हणालं 'ही बॅग फार जड आहे', की क्षणात तोंडातून निघतं, 'दे, मी घेतो.' हा तत्काळ घेतलेला निर्णय. मराठीत तो वर्तमानकाळात येतो, म्हणून घोटाळा होतो आणि आपण 'आय टेक' म्हणून बसतो. इंग्रजीत तिथे 'आय विल टेक इट'. हे तिन्ही प्रयोग अगदी काटेकोरपणे वेगळे नाहीत, पण सुरुवातीला ही जुळणी फार उपयोगी पडते.

आता खेळ. दोघांनी सुट्टीच्या आठवड्याचा तक्ता करून त्यात प्रत्येकी पाच कामं भरायची. एकमेकांचा तक्ता न पाहता, फक्त विचारून, दोघांनाही मोकळी असलेली वेळ शोधायची : 'व्हॉट आर यू डुइंग ऑन ट्यूजडे मॉर्निंग?' 'विल'साठी अडचणींचा खेळ. एकानं प्रवासातली अडचण सांगायची, दुसऱ्यानं तीन सेकंदांत मदत देऊ करायची. 'आय कान्ट फाइंड माय पासपोर्ट.' 'आय विल चेक द कार.' वेळ कमी ठेवा. विचार करायला सवड मिळाली की तो तत्काळ निर्णय राहत नाही.

प्रश्न : आधीच्यांनी सांगितलेल्या सगळ्या वस्तू म्हणून आपली एक नवी जोडायची, असा 'आय पॅक्ड माय बॅग' हा साखळीचा खेळ आम्ही घरी खेळतो. मुलांना शंभर नामं येतात, पण ती बोलण्यात येत नाहीत.

त्या खेळात स्मरणशक्ती जिंकते, म्हणून असं होतं. थोडा बदल करा. प्रत्येक वस्तूबरोबर कारण द्यायचं आणि बाकीच्यांना ते पटलं तरच वस्तू बॅगेत जाईल : 'आय पॅक्ड अ टॉर्च बिकॉज देअर इज नो लाइट इन द टेन्ट.' 'अ', 'ॲन', 'सम' चुकलं तर वस्तू बाहेर. मराठीत उपपदं नसल्यानं ती आपल्याला ऐकूच येत नाहीत. बॅगेतून वस्तू गेली की ऐकू येऊ लागतात. 'लगेज' आणि 'इक्विपमेंट' यांना 's' लावणाऱ्यालाही हाच दंड.

प्रश्न : खेळ चालू असताना चूक दुरुस्त करावी का?

ज्या रूपासाठी खेळ मांडला आहे, तेवढंच तिथल्या तिथे. बाकीच्या चुका वहीत टिपून शेवटी, कुणाचंही नाव न घेता फळ्यावर लिहा. दुरुस्त करतानाही बरोबर वाक्य लगेच आपणच म्हणून टाकू नका. भाषाशिक्षणाचे अभ्यासक रॉय लिस्टर आणि लीला रांता यांनी १९९७ साली फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या निम्म्याहून जास्त दुरुस्त्या अशाच, वाक्य सुधारून पुन्हा म्हणण्याच्या होत्या, आणि मुलांनी त्यांची दखल घेतली ती फक्त ३१ टक्के वेळा. 'यस्टरडे आय...?' असं म्हणून थांबा. बरोबर शब्द मुलाच्या तोंडून येऊ द्या.

प्रश्न : माझं वय ५२. बोलायला जोडीदार नाही. एकट्यानं काय करू?

फोनवर रेकॉर्ड करा. तुमच्या आवडत्या सुट्टीबद्दल चार मिनिटं बोला, तीच हकिकत पुन्हा तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लेखनामुळे ही पद्धत शिक्षकांत बरीच रुळली आहे. मुळात प्रत्येक वेळी ऐकणारा बदलतो. तुमचा ऐकणारा तुमचा फोन. तिसऱ्या खेपेला शब्द शोधावे लागत नाहीत, कारण ते नुकतेच सापडलेले असतात. मग पहिलं आणि तिसरं रेकॉर्डिंग ऐकून फक्त भूतकाळाची क्रियापदं कागदावर उतरवा. दोन्ही वेळा जे चुकलं असेल, तेवढं उद्या सकाळी नव्या हकिकतीत वापरा.