बायबलमधल्या ‘ह्याचे अगत्य आहे’ मागचा ग्रीक शब्द म्हणजे नियती का?

मार्क ८:३१ मध्ये येशू शिष्यांना सांगतो की मनुष्याच्या पुत्राने पुष्कळ दुःखं सोसावी, जिवे मारलं जावं, तीन दिवसांनी पुन्हा उठावं, आणि शेवटी येतं ‘ह्याचे अगत्य आहे’. हे अगत्य म्हणजे ग्रीकांची नियती, आपल्याकडचं प्रारब्ध, असं समजायचं का, आणि तसं असेल तर येशूला शत्रूंच्या हाती धरून देणाऱ्या बिचाऱ्या यहूदा ह्या शिष्याला दोष का द्यायचा, असा तुमचा प्रश्न. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्या जागी नियतीचा शब्दच नाही.

तिथला मूळ शब्द आहे ‘देइ’. (हा अभ्यासवर्गातला उच्चार, आजचे ग्रीक लोक ‘दी’च्या जवळचं काहीतरी म्हणतात.) हे नाम नाही, क्रियापद आहे, आणि त्याला कर्ता नसतो. आपण ‘जावं लागतं’ म्हणतो तेव्हा ‘लागतं’चा कर्ता कोण हे कुणी विचारत नाही, तसंच हे. कोणामुळे लागतं, कशासाठी लागतं, हे तो शब्द स्वतः सांगत नाही. ते वाक्यावरून काढायचं असतं. रोजच्या ग्रीकमध्ये हा अगदी साधा, कामाचा शब्द होता. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या ग्रीक भागात, तो शंभराच्या आसपास वेळा येतो आणि त्यातले चाळीसेक एकट्या लूकच्या दोन पुस्तकांत आहेत, शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) आणि प्रेषितांच्या कृत्यांत (त्याच्या शिष्यांच्या हकिकतीत).

तुम्हाला जो नियतीचा वास येतोय तो दुसऱ्या एका शब्दाला आहे: ‘अनांके’. ग्रीकांकडे ती देवीच होती. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या शेवटच्या भागात तिच्या मांडीवर विश्वाची चाती फिरते, आणि माणसांची दैवं ठरवणाऱ्या लाखेसिस, क्लोथो, आत्रोपोस ह्या तिच्या लेकी. स्टोइक ह्या तत्त्वज्ञांच्या पंथातली मंडळी नियतीसाठी ‘हेइमार्मेने’ हा खास शब्द वापरत; तो नव्या करारात एकदाही सापडत नाही. अनांके सापडतो, पण देवी म्हणून नाही. तिथं त्याचा अर्थ दडपण, निकड, कधी नुसते हाल. प्रेषित पौल आपल्या पत्रात फिलेमोन नावाच्या विश्वासणाऱ्याला लिहितो की तू चांगलं करशील ते जबरदस्तीनं नको, खुशीनं कर. करिंथच्या मंडळीला दानाबद्दल हेच सांगतो. स्वतःबद्दल मात्र म्हणतो की सुवार्ता सांगणं मला भाग आहे, तिथं हाच शब्द. आणि माझी आवडती जागा म्हणजे लूक १४:१८. येशूच्या गोष्टीतला, मेजवानीचं बोलावणं टाळणारा पहिला पाहुणा म्हणतो, मी शेत घेतलंय, ते जाऊन बघण्याची मला ‘अनांके’ आहे! शेत आधी घेतलं आणि बघायची निकड नंतर. असे पाहुणे प्रत्येकाच्या नात्यात असतात.

चारही शुभवर्तमानांत येशूच्या मरणासाठी अनांके कुठेच वापरलेला नाही. ‘हे व्हायलाच हवं’ असं जिथं म्हणायचं आहे तिथं ‘देइ’ आहे.

आता हा ‘देइ’ कसा चालतो ते बघायला क्रूसापासून सुरुवात करू नका. लूक १३ उघडा. शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रांतीचा दिवस आहे, त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, सभास्थानात एक बाई आलीय, अठरा वर्षं वाकलेली, सरळ उभंच राहता येत नाही. येशू तिला बरी करतो. सभास्थानाचा अधिकारी चिडतो, पण येशूला तोंडावर काही न बोलता लोकांवर घसरतो: काम करायला ‘देइ’ असे सहा दिवस आहेत, त्या दिवसांत येऊन बरे व्हा, शब्बाथ दिवशी नको. त्याचा ‘देइ’ नियमाचा आहे, आणि नियम काही खोटा नाही. येशू उत्तर देतो: तुम्ही आज गोठ्यातला बैल, गाढव सोडून पाण्याला नेताच ना? मग ही अब्राहामाची लेक, सैतानाने अठरा वर्षं बांधलेली, हिला शब्बाथाच्याच दिवशी ह्या बंधनातून सोडवायला ‘एदेइ’ नव्हतं का? ‘एदेइ’ हे त्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप. अधिकाऱ्याचाच शब्द उचलून त्याच्यासमोर ठेवला. त्यात ‘बांधलं’ ह्या अर्थाचं ग्रीक क्रियापद ‘एदेसेन’ही अगदी शेजारी ऐकू येतं. मराठीत ही गंमत पोचत नाही, त्याला इलाज नाही. पण मुद्दा पोचतो: आवश्यक काय ह्यावर इथं दोन माणसं भांडताहेत. नियतीवर असं भांडता येत नाही.

ह्याहून पक्का पुरावा मत्तय १८:३३ मध्ये आहे. येशूने सांगितलेल्या गोष्टीत राजाने ज्याचं डोंगराएवढं कर्ज माफ केलं तो चाकर बाहेर जाऊन सोबतच्या चाकराचा किरकोळ रकमेसाठी गळा धरतो. राजा विचारतो, मी तुझ्यावर दया केली तशी तू सोबत्यावर करायला ‘एदेइ’ नव्हतं का? करायला हवी होती, त्याने केली नाही. ‘देइ’ म्हणजे अटळ असं एकदा धरलं की हे वाक्यच निरर्थक होतं.

मग मार्क ८:३१ मधला भारदस्तपणा कुठून येतो? बराचसा जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकातून. दुसऱ्या अध्यायात दानीएल राजा नबुखद्नेस्सराला सांगतो की शेवटल्या दिवसांत काय होईल ते देवाने तुला कळवलं आहे. मूळ अरामी वाक्यात साधं ‘जे होईल’ असं आहे. ग्रीक भाषांतर करणाऱ्याने तिथं ‘जे व्हायला देइ’ असं घातलं. तीच शब्दरचना पुढे मार्क १३:७ मध्ये आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, पहिल्याच ओळीत येते. म्हणजे ह्या परंपरेत शब्दाला अदृश्य कर्ता मिळाला, आणि तो कर्ता देव. स्वतःची योजना असलेला, ती बोलून दाखवणारा देव. चाती फिरवणाऱ्या देवीला कुणी ‘हे टाळता येईल का’ असं विचारत नाही. अटकेच्या आधी गेथशेमानेच्या बागेत येशू देवाला नेमकं हेच विचारतो, आणि उत्तराची वाट बघतो.

लूक तर हा शब्द मरणापुरता ठेवतच नाही. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो तेव्हा आईला म्हणतो, मी माझ्या पित्याच्या घरात असायला ‘देइ’ हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? त्याला बघायला झाडावर चढलेल्या जक्कयाला खाली बोलावताना, आज तुझ्या घरी राहायला मला ‘देइ’. उधळ्या मुलाच्या गोष्टीत तो घरी परतल्यावर बाप थोरल्या मुलाला समजावतो, आनंद करायला ‘एदेइ’, कारण हा तुझा भाऊ मेला होता तो जिवंत झाला. घरी जेवायला बसणं, नाचगाणं, क्रूस, सगळं एकाच क्रियापदात. मराठी बायबलमध्ये हे दिसत नाही, कारण कुठे ‘अगत्य आहे’, कुठे ‘पाहिजे’, कुठे ‘अवश्य आहे’, तर जक्कयापाशी नुसतं ‘उतरायचे आहे’. भाषांतर म्हणून त्यात चूक काही नाही. फक्त ‘अगत्य’ तेवढं मरणाला चिकटलं आणि त्याला नियतीचा रंग चढला, असं मला वाटतं.

योहान ४:४ बद्दल थोडं. येशूला शोमरोन प्रांतातून जावं लागलं, तिथं ‘एदेइ’ आहे. उपदेशात हटकून सांगतात की हा दैवी योग, त्या विहिरीवरच्या बाईला भेटण्यासाठी. असेल. पण योसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार आपल्या आत्मचरित्रात लिहितो की गालीलाहून यरुशलेमला लवकर जायचं तर शोमरोनातूनच जावं लागे, तीन दिवसांत पोचता येई. त्यानेही तिथं ‘एदेइ’च लिहिलंय, आणि त्याला फक्त रस्ता म्हणायचाय. योहानाला दोन्ही अर्थ चालत असावेत. दुहेरी अर्थाचा त्याला नादच होता.

आता यहूदा. अटकेच्या वेळी येशू म्हणतो (मत्तय २६:५३-५४) की मी मागितलं तर माझा पिता बारा पलटणींहून जास्त देवदूत आत्ता पाठवेल. पण मग असं घडायला ‘देइ’ म्हणणारे शास्त्रलेख पूर्ण कसे होतील? दोन वाक्यं लागोपाठ आहेत. सुटायची वाट उघडी आहे आणि ‘देइ’ही आहे. ज्याच्यासमोर दार बंद आहे तो असं बोलत नाही. येशू तो ‘देइ’ आपला म्हणून घेतो.

यहूदाच्या बाबतीत प्रेषितांची कृत्ये १:१६ मध्ये शिष्यांतला पेत्र म्हणतो की शास्त्रलेख पूर्ण व्हायला ‘एदेइ’. तुमची अडचण इथलीच. पण शब्द बघा, आवश्यक होतं ते शास्त्रलेखाचं पूर्ण होणं. यहूदाला भाग पडलं असं पेत्र म्हणत नाही. लूक २२:२२ मध्ये तर दोन्ही गोष्टी एकाच दमात आहेत: मनुष्याचा पुत्र ठरल्याप्रमाणे जातो, पण त्याला धरून देणाऱ्याची केवढी दुर्दशा होणार. मत्तय १८:७ला ठोकरा येण्यासाठी तर चक्क ‘अनांके’ वापरलाय, आणि लगेच जिच्यामुळे ठोकर येते त्या माणसाची दुर्दशा. ह्या दोन गोष्टींची सांगड कशी घालायची ह्यावर ऑगस्टीनपासून कॅल्विनपर्यंत सगळ्या ख्रिस्ती विचारवंतांनी डोकं चालवलंय. एका क्रियापदाच्या अर्थातून तो वाद मिटणार नाही, आणि मिटतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मजकुरापुरतं एवढं नक्की की यहूदा तीस रुपये परत करायला जातो तेव्हा याजकांना ‘मी पाप केलं’ म्हणतो, ‘व्हायचंच होतं’ म्हणत नाही.