आधी टीएमसी, मग मेगावॉट

सप्रेम नमस्कार.

पाटबंधाऱ्याच्या धरणाखाली छोटं वीजघर बसतं का, हे तपासायचं काम तुझ्याकडे आलंय, आणि अहवालाच्या नमुन्यातला पहिलाच रकाना आहे 'स्थापित क्षमता', म्हणजे यंत्रं किती मेगावॉटची बसवायची. तो आत्ता भरू नकोस. एकदा तिथे आकडा पडला की टर्बाइन, पाइप, लाइन, कर्ज सगळं त्याच्या मागे धावायला लागतं, आणि पाण्याचा हिशेब त्या आकड्याला जुळवून घेतला जातो. व्हायला हवं ते नेमकं उलट.

आपल्याकडे २५ मेगावॉटपर्यंतचा प्रकल्प 'लघु' धरतात. त्यातला २ मेगावॉटपर्यंतचा मिनी, १०० किलोवॉटपर्यंतचा सूक्ष्म. सुरुवात जुनी आहे: दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १८९७ मध्ये ६५ किलोवॉटचे दोन संच (टर्बाइन आणि जनित्राची जोडी) फिरू लागले. आज देशाची लघुजलविद्युत क्षमता सात हजारांहून जास्त ठिकाणी मिळून सुमारे २१ हजार मेगावॉट सांगतात, आणि उभी आहे ती पाच हजारांच्या आसपास. ही दरी बघून लोक लगेच सरकारी ढिलाईवर बोलतात. ती असतेच, पण नकाशावरच्या ठिपक्याला रस्ता, वीजवाहिनी आणि गाळ दिसत नाही, हेही तितकंच खरं. हिमाचल किंवा अरुणाचलातल्या एखाद्या नाल्याला दीडशे मीटरची पड, म्हणजे पाणी खाली येण्याची उंची, असते. तिथवर ट्रान्सफॉर्मर चढवायचा कसा आणि ३३ केव्हीची लाइन दरडींतून टिकवायची कशी, हा खर्च ठिपक्यात नसतो.

महाराष्ट्रात त्या मानाने सोपं आहे. धरण बांधलेलं, रस्ता झालेला, पाणी कालव्यात सोडायचंच आहे. भाटघर, वीर, पानशेत, वरसगाव, पवना इथली वीजघरं याच तत्त्वावर चालतात. अडचण एकच: पाणी शेतीचं आहे. ते कधी आणि किती सोडायचं हे आवर्तन, म्हणजे शेतीला पाणी सोडायची पाळी, ठरवतं, वीजघर नाही. तुझ्या संचाला ज्या दिवशी भाव चांगला, त्या दिवशी कालवा बंद असू शकतो.

म्हणून हिशेब टीएमसीत, म्हणजे शंभर कोटी घनफुटांत, कर. एक टीएमसी पाणी २० मीटर निव्वळ (घट वजा जाता उरलेल्या) पडीतून, एकूण ८० टक्के कार्यक्षमतेने गेलं, तर साधारण १२ लाख ३० हजार युनिट मिळतात. हा आकडा पाठ असू दे, फार उपयोगी पडतो. समज, कालव्याला ३०० क्यूसेक (सेकंदाला घनफूट) सुटतात आणि सगळी आवर्तनं मिळून वर्षाला १५० दिवस भरतात. म्हणजे ३.९ टीएमसी, म्हणजे ४८ लाख युनिट. ३०० क्यूसेकला या पडीवर तेराशे किलोवॉटच्या थोडं वर निघतात, तेव्हा दीड मेगावॉटचा संच पुरे. तो वर्षभर पूर्ण चालला असता तर १३१ लाख युनिट झाले असते. आपले होतात त्याच्या ३६-३७ टक्के. आता कोणी 'पूर साधू, तीन मेगावॉट लावू' म्हणालं, तर कालव्याचं पाणी तेवढंच राहतं आणि टक्का १८ वर येतो. सांडव्यावरून जाणारं पाणी दिसायला भव्य असतं, पण ते वर्षातले मोजके दिवस, आणि तेही दरवर्षी नाही.

क्यूसेक आणि क्युमेक यांची गल्लत होऊ देऊ नकोस. ३५.३ क्यूसेक म्हणजे एक क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर). जुन्या रजिस्टरात एकक लिहिलेलंच नसतं, आणि सरावलेली माणसंही इथे फसतात.

रजिस्टरातल्या विसर्गावर डोळे झाकून विसंबू नकोस. बऱ्याच ठिकाणी तो दरवाजा किती उघडला यावरून तक्त्यातून उतरवलेला असतो, आणि दरवाज्याचं मोजपट्टीवरचं शून्य सरकलेलं असतं. आवर्तन चालू असताना जा. कालव्याचा सरळ, अस्तर केलेला शंभर मीटरचा तुकडा निवड, रुंदीचे आठ-दहा भाग पाड, प्रत्येक भागात पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पातळीवर करंटमीटर (पाण्याचा वेग मोजणारं यंत्र) धरून वेग घे. मीटर नसेल तर तरंगता ठोकळा सोड आणि पृष्ठभागावरच्या वेगाला ०.८५ ने गुण. नुसता पृष्ठवेग धरलास तर विसर्ग पंधरा-वीस टक्के फुगेल. तोच फुगवटा युनिटांत शिरतो, तिथून कर्जाच्या हप्त्यात.

पडीचंही तसंच. जलाशयाची पातळी वजा नदीचं पात्र, असं नको. पाणी कालव्यात पडणार असेल तर वजा करायची ती कालव्याची भरलेली पातळी. पूर्ण विसर्गाला कालवा दीड मीटर चढत असेल तर तेवढी पड गेली. शिवाय पाइपातली घट. तीच विसर्ग-क्षमता ठेवून व्यास दहा टक्क्यांनी कमी केला तर घर्षणाची घट सुमारे ७० टक्क्यांनी वाढते, कारण ती व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. पाइपावर पोलाद वाचवणारा सल्लागार भेटला तर त्याला हे गणित करून दाखवायला सांग.

सगळ्यात जास्त वेळ डिझाइन पडीला, म्हणजे ज्या पडीसाठी टर्बाइन घडवतात तिला, दे. ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं, समज २४ मीटर. मे महिन्यात १४. टर्बाइनच्या झडपा तेवढ्याच उघड्या ठेवल्या तर वीज पडीच्या दीड घाताने घटते, म्हणजे मेमध्ये ऑक्टोबरच्या ४५ टक्केच. फ्रान्सिस टर्बाइन डिझाइन पडीच्या साधारण ६५ टक्क्यांखाली चालवू नये. थरथर सुरू होते, पात्यांच्या मागे पोकळ्या फुटून धातू कुरतडला जातो, मधाच्या पोळ्यासारखे खड्डे दिसतात. तू डिझाइन पड २४ धरलीस तर मर्यादा साडेपंधरावर येते आणि उन्हाळी आवर्तनाचा शेवट हातचा जातो. २० धरलीस तर १३ पर्यंत चालतं. म्हणून दहा वर्षांच्या पातळ्या घेऊन प्रत्येक दिवसाच्या पडीला त्या दिवसाच्या विसर्गाने गुण आणि भारित सरासरी काढ. साधी सरासरी इथे चालत नाही, कारण ज्या दिवशी पाणी सुटत नाही त्या दिवसाची पड निरुपयोगी.

एक संच की दोन? आवर्तनाच्या सुरुवातीला आणि शेवटी शंभर-सव्वाशे क्यूसेकच असतात. फ्रान्सिसची कार्यक्षमता ४० टक्के विसर्गाखाली झपाट्याने पडते. दीडचा एक स्वस्त, पण ७५० किलोवॉटचे दोन घेतले तर एक बिघडला तरी निम्मं पाणी कामी येतं. मी दोनच्या बाजूचा आहे.

बगल-पाइप, म्हणजे टर्बाइन टाळून पाणी थेट कालव्यात नेणारा पाइप, विसरलास तर प्रकल्प शेतकऱ्यांच्या रोषाला बळी पडेल. ग्रामीण फीडर (वीजवाहिनी) ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की संचावरचा भार क्षणात जातो, वेग वाढतो, झडपा मिटतात आणि कालवा कोरडा पडू लागतो. त्याच वेळी बगलेची झडप आपोआप उघडून तेवढंच पाणी कालव्यात गेलं पाहिजे. टर्बाइनच्या झडपा मिटायचा वेगही जपून ठरवावा लागतो. पाणी सेकंदाला ३ मीटरने येत असताना झडप एकदम मिटली तर दाबलहर ३०० मीटर पाणउंचीइतकी उठू शकते. धरणपायथ्याचा पाइप आखूड असल्याने लहर दशांश सेकंदांत परतते आणि पाच-सहा सेकंदांत मिटलं तरी निभावतं. डोंगरातल्या एक किलोमीटरच्या पाइपाला लहर परतायला दोन सेकंद लागतात, तिथे फार हळू मिटवावं लागतं आणि मधल्या काळात संच पळू नये म्हणून जड फ्लायव्हील बसवतात.

फीडरवरून आठवलं: उपकेंद्रातून त्या ११ केव्ही वाहिनीची वर्षभराची खंडित होण्याची नोंद मिळव. आवर्तनाच्या दिवसांत ती रोज दोन तास बंद राहत असेल तर आठ टक्के युनिट इथेच गेले. इंडक्शन जनित्र स्वस्त म्हणून सुचवतील. ते चुंबकत्वासाठी ग्रिडकडूनच रिअॅक्टिव्ह पॉवर घेतं, त्यामुळे कमकुवत वाहिनीच्या टोकाला ते व्होल्टेज आणखी ओढतं. मेगावॉटच्या पुढे सिंक्रोनसच, म्हणजे स्वतःचं चुंबकत्व स्वतः तयार करणारं जनित्र, घे.

ट्रॅश रॅकवर, म्हणजे पाइपाच्या तोंडाशी कचरा अडवणाऱ्या जाळीवर, पहिल्या सोडतीला जलपर्णी आणि प्लास्टिक येऊन अडकतं. जाळीच्या दोन बाजूंतल्या पातळीचा फरक दाखवणारी पट्टी लाव. अर्धा मीटर फरक म्हणजे तुझ्या २० मीटरांतला अडीच टक्के भाग कचऱ्याने खाल्ला. साफ करणाऱ्याला उभं राहायला कठडा असलेली जागा आराखड्यातच दाखव, नंतर ती कोणी बांधत नाही.

शाखा कार्यालयातून दहा वर्षांची पातळी-नोंदवही आणि कालव्याचं विसर्ग रजिस्टर, दोन्ही दिवसागणिक उतरवून पाठव. महिन्याची सरासरी नको. त्यांचा तक्ता जुळला की मग क्षमतेचा रकाना भरू.

तुझा हितचिंतक