रिंगणाबाहेरून : मॉन्ट्रियलचं दुखणं, डॉमिनिकची मिशी आणि आमचा संकासुर

डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीच्या, निकाल आधीच ठरलेल्या रेसलिंगवरचं हे सदर. या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे. निम्मी पत्रं जॉन सीनाच्या शेवटच्या मॅचवर चिडून लिहिलेली. त्यातलं एकच घेतलंय, बाकीच्यांनी तेच उत्तर आपलं समजावं. मागच्या अंकानंतर एकाने विचारलंय, की हे सदर खरंच एक बाई लिहितात का. लिहितात. कुडाळात वाढलेल्या, डोंबिवलीत राहणाऱ्या, सत्तेचाळीस वर्षांच्या. चला, पहिलं पत्र.

सॅमी झेनला मॉन्ट्रियलमध्ये, त्याच्या घरच्या लोकांसमोर, रोमन रेन्सकडून हरवलं. मला ते अजून पचलेलं नाही. तुम्ही तेव्हा त्या निकालाची बाजू घेतली होती. आता तरी मत बदललं का?
*– सॅमीचा हट्टी चाहता, नाशिक रोड*

बदललं नाही, थोडं सैल झालंय.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी: ऑगस्ट २०२० मध्ये रोमन रेन्स खलनायक होऊन परतला. त्याआधी पाच-सहा वर्षं कंपनी त्याला नायक म्हणून लोकांच्या गळी उतरवत होती आणि लोक थुंकून टाकत होते. परतल्यावर त्याने सामोअन घराण्याचा कर्ता पुरुष व्हायचं सोंग घेतलं. नात्यातले उसो भाऊ, जिमी आणि जे, हाताशी, कानाशी सल्लागार पॉल हेमन. ‘मला माना’ एवढंच त्याचं म्हणणं. या घरात २०२२ साली सॅमी शिरला. लाल दाढीचा, अखंड बडबड करणारा कॅनडियन. लग्नघरात आगंतुक पाहुणा यावा आणि चौथ्या पंक्तीला तोच वाढायला उभा असावा, तसा.

त्या वर्षातला एक भाग मी अजून अधूनमधून लावते. सॅमी तोंडाला येईल ते बोलतोय, आणि त्याला कायम पाण्यात पाहणारा जे उसो हसू दाबता दाबता लाल होतो. दात आवळतो, मान फिरवतो, काही उपयोग नाही. रोमनही तोंड लपवतो. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. त्या क्षणी कथा लेखकांच्या हातातून सुटली आणि प्रेक्षकांच्या हातात आली. या धंद्यात यापेक्षा मोठं काही घडत नाही असं माझं मत आहे.

मग २८ जानेवारी २०२३, सॅन अँटोनियो, रॉयल रंबल हा मोठा शो. केव्हिन ओवन्स, सॅमीचा जुना मित्र, दोरांना बेड्यांनी अडकवलेला. रोमनने सॅमीच्या हातात खुर्ची दिली: मार याला. सॅमीने ती रोमनच्याच पाठीत घातली. बाकीचे सॅमीवर तुटून पडले, आणि जे उसो? जे उसो मारायला आला नाही. तो रिंगमधून उतरून निघून गेला. माझा सगळा युक्तिवाद त्या निघून जाण्यावर उभा आहे. गोष्ट आता घराण्याची झाली होती, आणि ती फोडायचा मान घरच्याच माणसाचा. सॅमी १८ फेब्रुवारीला मॉन्ट्रियलमध्ये जिंकला असता तर ती उपऱ्याची गोष्ट झाली असती.

आता सैल कुठे झालं ते सांगते. तो आवाज मी परत ऐकला. त्याची बायको पहिल्या रांगेत, सगळं गाव उभं. तसा आवाज मागून मिळत नाही. आणि त्यानंतर लगेच एप्रिलमध्ये लोकांच्या लाडक्या कोडी रोड्सलाही रोमनने हरवलं, तेव्हा मात्र मी टीव्ही बंद केला होता. वर्षभर तेच ताट गरम करून वाढलं आम्हाला. कोडी जिंकला ७ एप्रिल २०२४ ला, फिलाडेल्फियात. रोमनचा विजेतेपदाचा पट्टा तब्बल १,३१६ दिवसांनी सुटला. तुमच्या सॅमीने आदल्याच रात्री गुंथर या दुसऱ्या विजेत्याची ६६६ दिवसांची सद्दी संपवली होती. तिथे का हो तुम्ही पत्र लिहिलं नाही?

अक्षय कुमारने अंडरटेकरला खरंच हरवलं होतं का? वडापावची पैज आहे.
*– दोन मित्र, बार्शी*

नाही. १९९६ च्या ‘खिलाडियों का खिलाडी’मध्ये काळ्या टोपीतला मल्ल अंडरटेकर झाला होता ब्रायन ली. गंमत म्हणजे त्याआधी १९९४ च्या समरस्लॅम या मोठ्या शोमध्ये खऱ्या अंडरटेकरसमोर ‘खोटा अंडरटेकर’ म्हणून उभा राहिलेला इसमही हाच. अक्षय कुमारने स्वतः २०२१ मध्ये हे जाहीर सांगून टाकलं. जो हरला त्याने दोन वडापाव द्यावेत, वाद इतका जुना आहे.

माझा बारा वर्षांचा मुलगा डॉमिनिक मिस्टेरिओ नावाच्या माणसावर फिदा आहे. तो माणूस सख्ख्या बापाला मारतो, तुरुंगात गेल्याच्या बढाया मारतो आणि मिशीही धड नाही. मुलाला कसं समजावू?
*– काळजीतली आई, चिपळूण*

ताई, मिशीबद्दल सहमत.

पण हा डॉमिनिक तुमच्या मुलापेक्षा लहान होता तेव्हापासून मी त्याला ओळखते. ऑगस्ट २००५, समरस्लॅम, वॉशिंग्टन. आठ वर्षांचं पोर रिंगबाहेर बसलंय आणि त्याच्या ताब्याचे कागद रिंगवर उंच टांगलेत. एकीकडे बाप रे मिस्टेरिओ, दुसरीकडे एडी गरेरो, जो म्हणतो की मूल माझं. शिडी चढून जो कागद काढेल त्याचं पोरगं! असला कथानकाचा आचरटपणा आपल्या मालिकांनाही सुचला नसता. त्यात एडीची बायको व्हिकी हिने येऊन शिडी ढकलायची होती, तर ती वेळेवर आलीच नाही. एडी शिडीशेजारी उभा राहून ‘कुठे आहे व्हिकी’ म्हणून ओरडतो, ते खरं ओरडणं आहे. तीन महिन्यांत एडी गेला. त्यामुळे ती मॅच आता हसत हसत बघता येत नाही.

त्याच पोराने सप्टेंबर २०२२ मध्ये कार्डिफला बापावर हात उगारला. नंतर ख्रिसमसला घरात घुसून अटक झाल्याचं नाटक, काही तास कोठडीत, आणि बाहेर आल्यावर आव असा की अर्धं आयुष्य गजाआड गेलंय. रेसलमेनिया या वर्षातल्या सर्वांत मोठ्या शोला तर हा कैद्यांच्या गाडीतून आला. बापाचं नाव आदल्या रात्री हॉल ऑफ फेममध्ये गेलेलं, आणि मुलगा हा असा!

एकदा लक्ष देऊन बघा. तो माईक तोंडाशी नेतो, हुर्यो सुरू. माईक खाली करतो, हुर्यो थांबते. पुन्हा वर, पुन्हा हुर्यो. मिनिटं जातात, एक वाक्य पूर्ण होत नाही, आणि तो कपाळाला आठी घालून तसाच उभा. वशिल्याने आलेलं पोर म्हणून लोक त्याचा खराखुरा राग करत होते. त्याने तो राग झटकला नाही, अंगावर शाल घ्यावी तसा घेतला. दोन-अडीच वर्षांत तीच हुर्यो टाळ्या झाली.

तेव्हा मुलाला समजवायचं काही नाही, त्याला कळतंय. २००५ ची मॅच मात्र त्याच्या शेजारी बसून बघा. एकच काम कडकपणे करा: घरातल्या गाद्या मोजून ठेवा. माझ्या धाकट्या भावाने माळ्यावरून गादीवर उलटी उडी मारली होती. गादीवर पडला असता तर मी हे लिहिलं नसतं. गळपट्टीचं हाड मोडलं, आणि आमची केबल सहा महिने बंद.

ही सगळी नुरा कुस्ती. मी खासबागेत खऱ्या कुस्त्या पाहिल्या आहेत. शिकल्यासवरलेल्या माणसांनी या नाटकावर पानं खर्च करावीत याचं वाईट वाटतं.
*– एक आजोबा, कोल्हापूर*

आजोबा, नमस्कार. नुरा कुस्तीत माणूस फसवला जातो: तिकीट खऱ्या कुस्तीचं आणि आत संगनमत. इथे कुणी फसत नाही. या कंपनीनेच १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या लोकप्रतिनिधींसमोर सांगून टाकलं, की हा खेळ नाही, करमणूक आहे. तसं म्हटलं की सरकारी नियमांचा जाच कमी होत होता, हेही खरं.

तुम्ही तालमीतले, मी दशावतारातली. जत्रेत रात्री नाटक उभं राहतं तेव्हा राक्षस मरणार हे पुढच्या रांगेत पेंगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. पण संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरलेलं, बोलणं जागच्या जागी. समोरचे रंगले तर युद्ध लांबतं, कंटाळले तर राक्षस लवकर मरतो. काळ्या वेशातला संकासुर आला की मी आईच्या पदरात तोंड घालायची. पुढे केबलवर दिवे गेले, घंटा वाजली आणि अंडरटेकरची काळी टोपी दिसली, तेव्हा माझं पहिलं वाक्य होतं, ‘संकासुर इलो!’ बाबा दुकान बंद करून जेवायला बसलेले. दोन मिनिटं बघून म्हणाले, ‘सगळां खोटां, पण आपटतत ते खरे.’ तीस-बत्तीस वर्षं झाली, याहून नेमकं मी काही लिहू शकलेले नाही.

कुस्तीवरही पानं हवीत, मान्य. ती तुम्ही लिहा. संपादकांशी मी बोलते.

सीनाने टॅप आउट केलं! वीस वर्षं ‘नेव्हर गिव्ह अप’ टॉवेलवर छापून विकलं आणि शेवटच्या मॅचला हार मानली. हा आम्हा चाहत्यांचा अपमान नाही का?
*– कायम निळ्या टी-शर्टातला, अकोला*

१३ डिसेंबर २०२५ ला रात्रभर मीही चिडले होते. मग परत पाहिलं. गुंथरने गळा आवळलाय, सीना सुटायची धडपड थांबवतो, हसतो, आणि मग हात आपटतो. ते हसणं बघितलंत ना? जाणाऱ्याने राहणाऱ्याला मोठं करून जायचं, ही या धंद्याची जुनी रीत. माझी तक्रार वेगळी आहे: गुंथर आधीच मोठा होता. हे दान कुणा धाकट्याच्या पदरात पडायला हवं होतं.

खरा अपमान त्याच वर्षी मार्चमध्ये झाला, टोरंटोत. सीना खलनायक झाला! २००६ साली न्यूयॉर्कला लोकांनी त्याने फेकलेला टी-शर्ट परत त्याच्याच अंगावर भिरकावला होता, तेव्हाही जे केलं नाही ते आता केलं. द रॉक या जुन्या ताऱ्याच्या इशाऱ्यावर कोडीला मारलं. जग हललं. आणि मग रॉक गायब, कारण कुणी सांगेना, आणि ऑगस्ट उजाडला तेव्हा सीना पुन्हा साळसूद. एवढी हळद लागून लग्न मोडल्यासारखं झालं.

आपला भारतीय माणूस तिथे मोठा कधी होणार?
*– एक विद्यार्थी, परभणी*

झाला की. दोनदा. जुलै २००७ मध्ये ग्रेट खली जागतिक विजेता होता, आणि २०१७ मध्ये जिंदर महल (जन्माने कॅनडाचा, घराने पंजाबी) १७० दिवस. पण त्यांना दिलं काय? खलीला आधी राक्षस केलं, मग ‘पंजाबी प्लेबॉय’ करून बायकांचे मुके घ्यायला लावले. हिमाचलातल्या गावातून आलेला, पंजाब पोलिसांत नोकरी केलेला हा माणूस. त्यातलं काहीही कधी रिंगमध्ये आलं नाही. जिंदरला दोन साथीदार दिले आणि ‘तुम्ही मला परका समजता’ हे एकच पालुपद. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीत शो झाला, तिथे आपल्या माणसांसमोर त्याला ट्रिपल एच या जुन्या अमेरिकी मल्लाने हरवलं, आणि वर शेवटी दोघांनी मिळून भांगडा केला. मी तो भांगडा बघून उपाशी झोपले.

सॅमीचे आईवडील सीरियातून आलेले. ते त्याने लपवलं नाही, पण त्याची दाढी, त्याची बडबड, त्याची मैत्री आधी दिसली. आपल्या माणसाचा देश आधी दिसतो आणि माणूस नंतरही दिसत नाही. तिथे गाडं अडलंय, उंचीत नाही.

नव्यांपैकी कुणावर पैसे लावाल?
*– हॉस्टेलची गँग, पुणे*

पैसे लावत नाही, नवरा बँकेत आहे. पण ओबा फेमी. नायजेरियाचा, अमेरिकेत कॉलेजात गोळाफेक करायचा. तो रिंगकडे इतका सावकाश चालत येतो की समोरच्याला विचार करायला भरपूर वेळ मिळतो, आणि तीच शिक्षा. बायकांमध्ये टिफनी स्ट्रॅटन: जिम्नॅस्ट आहे, दोरावरून घेतलेली उलटी उडी अशी सफाईची की भावाला दाखवावी म्हणते. ब्रॉन ब्रेकर तुम्हाला आवडतो हे कळलं. धावतो छान. थांबला की काय करायचं ते त्याला अजून सुचत नाही.

लहानपणीचे रेसलिंगचे पत्ते कुणाकडे आहेत का? उंची, वजन, छाती, दंड वाले. माझा गठ्ठा आईने रद्दीत दिला.
*– रँक नंबर एक, इचलकरंजी*

आमच्या कुडाळच्या दुकानात ती पाकिटं दोऱ्याला लटकलेली असायची. पोरं पाकीट ट्यूबलाइटपुढे धरून आत अंडरटेकर दिसतो का बघायची, आणि बाबा न बघता म्हणायचे, ‘घेवचा आसा तर घे, एक्सरे काढू नको.’ एक गठ्ठा माझ्याकडे आहे, पण देणार नाही. शिवाय त्यात अंडरटेकर नाही. तो कुणी ढापला ते मला माहीत आहे. हाड मोडल्यावर दवाखान्यात त्याच्या उशीखाली मी स्वतः पाहिला होता. दर भाऊबीजेला मागते, तो ‘कुठला पत्ता’ म्हणतो.