निघायची तारीख ठरली, पण पाय निघत नाही

*प्रिय ताई,*
*सातवीपर्यंत ठाण्यात शिकले, मग आईबाबांबरोबर न्यू जर्सीला गेले. पदवी झाल्यावर पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतर्फे झांबियात आले. उत्तरेकडच्या कासामा शहरापासून बऱ्याच आतल्या एका गावात शेतकऱ्यांबरोबर मत्स्यतळ्यांचं काम करते. माझी 27 महिन्यांची मुदत जुलैअखेर संपते. ज्यांच्या घरी राहते त्या बाईंना मी बामायो म्हणते, म्हणजे इथल्या बेम्बा भाषेत आई. ती हल्ली रोज विचारते, "परत कधी येशील?" मी "लवकरच" म्हणते आणि मग रात्रभर झोप येत नाही. त्यांच्या धाकटीच्या शिक्षणाचं मी बघेन, असंही बोलून बसले आहे. लोक विचारतात, सायकल कोणाला देणार, भांडी कोणाला देणार? सहा तळ्यांपैकी दोन आत्ताच पडून आहेत. वाटतं, आणखी एक वर्ष वाढवून घ्यावं. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "मग आम्ही तुझे कोण?" काय करू?*
*– अडकलेली*

अगं,

तुझ्या त्या "लवकरच"पासूनच सुरुवात करते, कारण ते उत्तर आजपासून बंद व्हायला हवं. बामायोचा चेहरा उतरू नये म्हणून तू तसं म्हणतेस, हे कळतं मला. पण तिकिटाचे पैसे, नवी नोकरी, रजा हा हिशेब तुझ्या डोक्यात आहे, तिच्यापुढे फक्त तुझा शब्द आहे. त्या शब्दावर ती वाट बघत बसेल. तिला सरळ सांग, "जुलैत मी जाणार. परत कधी येता येईल ते मला माहीत नाही. महिन्यातून एकदा फोन नक्की करीन." तेवढंच कबूल कर आणि ते मात्र चुकवू नकोस. इफिसाशीसाठी, म्हणजे तिथल्या दाण्याच्या कुटातल्या पालेभाजीसाठी, शेंगदाणे कांडताना तुम्ही दोघी शेजारी बसत असालच, तेव्हा बोल. ती रडेल, तूही रडशील. रडून घ्या.

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे पीस कोअरने जगभरातले सुमारे 7,000 स्वयंसेवक एकदम परत बोलावले. कित्येकांना सामान भरायलाही धड वेळ मिळाला नाही, मग निरोप कुठला घेणार? झांबियात पुन्हा स्वयंसेवक पोचायला 2022 साल उजाडलं. तुझ्या हातात अजून काही आठवडे आहेत. घरोघरी जाऊन बसायला ते पुरतात.

आता मुदतवाढीचं. तिसऱ्या वर्षात कोणतं काम, कोणाबरोबर, कुठपर्यंत न्यायचं, हे तुला दोन ओळींत लिहिता आलं तर खुशाल राहा. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात बामायो आहे, सायकल आहे, आईचा फोन आहे, पण ते काम कुठे दिसत नाही. जाताना अपराधी वाटतं म्हणून राहिलीस तर पुढच्या जुलैत हेच पत्र पुन्हा लिहावं लागेल. माझं स्पष्ट मत, निघ.

पडून असलेल्या दोन तळ्यांचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. ज्यांची तळी आहेत त्यांना विचार, पण जाब विचारल्यासारखं नको. माशांसाठी कोंडा आणायला, तळ्यातला खताचा कोपरा भरायला घरात माणूस नसेल, किंवा तेवढ्या कष्टात मका बरा वाटला असेल. तो त्यांचा हिशेब आहे आणि बहुधा बरोबरच असेल.

उरलेल्या चार तळ्यांना मात्र हे दिवस दे. पाणी पुरेसं हिरवं झालं का ते बघायला कोपरापर्यंत हात बुडवतात ना, बोटं दिसेनाशी झाली की पाणी चांगलं? आता तुझा हात पाण्यात जाऊ देऊ नकोस. काठावर उभी राहा. त्यांना बघू दे, त्यांना ठरवू दे, आणि ते चुकतायत असं वाटलं तरी लगेच बोलू नकोस. पिल्लं कधी सोडली, किती सोडली, मासे काढायची वेळ कधी येते, याची वही त्यांच्याच अक्षरात, बेम्बातून होऊ दे आणि त्यांच्याच घरात राहू दे. एक दिवस काढून त्यांना जिल्ह्याच्या मत्स्य विभागात घेऊन जा, तिथल्या अधिकाऱ्याशी समोरासमोर ओळख करून दे. तुझा फोन लागला नाही तर कोणाला विचारायचं, हे त्यांना माहीत असलं पाहिजे.

वस्तू मागणाऱ्यांचा राग धरू नकोस. जाणाऱ्या माणसाची एखादी वस्तू घरात राहावी असं वाटणं अगदी साधं आहे, आणि चांगली कढई कोणाला नको असते? फक्त शेवटच्या दिवशी दारात उभं राहून वाटप करू नकोस. भांडण लागेल आणि ते निस्तरायला तू तिथे नसशील. बामायोला आणि गावच्या मुखियाला आधी विचार. सायकल संस्थेला परत करायची असेल तर ते आत्ताच सगळ्यांना सांगून टाक.

धाकटीचं म्हणशील तर 2022 पासून तिथल्या सरकारी शाळांत बारावीपर्यंत फी नाही. वसतिगृह, गणवेश, वह्या हा खर्च उरतो. एका वर्षाचा आकडा तिच्या आईवडिलांसमोर ठरव, त्यांच्या मोबाइलवर पैसे पाठव. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी. "शिक्षणाचं बघेन" हे फार मोठं वाक्य आहे, ते लहान करून घे.

राहिली तुझी आई. "आम्ही तुझे कोण?" हे ऐकून तुला लागलं असणार. पण तिच्या जागी बसून बघ. दोन वर्षांहून जास्त काळ तिने तुझ्या तोंडून दुसऱ्या कुणाला आई म्हटलेलं ऐकलं आणि तुझा ताप, तुझं जेवण, तुझं पावसात भिजणं सगळं फोनवरून ऐकून गप्प बसली. तिला समजावत बसू नकोस. तिची आणि बामायोची गाठ घालून दे. व्हिडिओ कॉल लाव, मध्ये तू दुभाषी. बामायोला सांग, आईला विचार की ही लहानपणी कशी होती. आईला विचारू दे, ही तिथे जेवत होती का नीट. त्या दोघींना तुझ्याबद्दल तक्रारी करायला भरपूर सापडेल आणि तेवढ्यात आईचा अर्धा राग जाईल. हे शेवटच्या आठवड्यावर टाकू नकोस, तेव्हा रेंजसाठी वाळवीच्या वारुळावर चढायलाही तुला फुरसत मिळणार नाही. येत्या रविवारीच कर, आणि आई काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
ताई