बेळगावात दोन दिवसांसाठी पाहुणे येणार असतील, तर त्यांना काय दाखवावे?

नोकरीतील बदलीमुळे आपण नुकतेच बेळगावात आला आहात, सप्टेंबरअखेरीस साताऱ्याहून आपले सासू-सासरे दोन दिवसांसाठी येणार आहेत, आणि पहिल्या दिवशी गोकाक व दुसऱ्या दिवशी आंबोली असा बेत ठीक होईल का, असे आपण विचारले आहे. माझा जन्म येथलाच असून घरी पाहुण्यांचा राबता असतो, त्या अनुभवावरून सांगतो की पहिला संपूर्ण दिवस शहरालाच द्यावा. काही वर्षांपूर्वी माझ्या वयस्कर मामांना मी दोन्ही दिवस बाहेरगावीच फिरवले आणि ते बेळगाव न पाहताच परत गेले, याची रुखरुख मला आजही आहे.

सुरुवात किल्ल्यापासून करावी. खंदक ओलांडून आत गेल्यावर दुर्गादेवीचे आणि गणपतीचे दर्शन घ्यावे आणि सरळ कमल बस्तीत जावे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधलेले हे नेमिनाथांचे जैन मंदिर आहे. मंडपाच्या छतातून खाली उमललेले दगडी कमळ हे त्याचे खरे वैभव असून त्याच्या बहात्तर पाकळ्यांवर तीर्थंकर कोरलेले आहेत. तेथे घाई करू नये. थंड फरशीवर बसून वर पाहत राहिले की डोळे अंधाराला सरावतात आणि मग एकेक आकृती दिसू लागते. जवळच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. १८९२ साली स्वामी विवेकानंद बेळगावात आले असताना ज्या घरी राहिले, ते घर तेथे जपले आहे. किल्ल्याचा बराचसा भाग लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे छायाचित्रे काढताना पाट्या पाहाव्यात.

दुपारी विश्रांती घेऊन टिळकवाडीत यावे. महात्मा गांधी काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, आणि ते १९२४ चे अधिवेशन येथे भरले होते. तेथील वीरसौध हे स्मारक आणि अधिवेशनाला आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी खोदलेली विहीर आवर्जून दाखवावी. लहानग्या गंगूबाई हनगल त्या अधिवेशनात स्वागतगीत गायल्या होत्या, हे गाण्याची आवड असलेल्या पाहुण्यांना सांगितले की ती जागा त्यांच्या लक्षात राहते. लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापनाही १९१६ मध्ये बेळगावातच केली. संध्याकाळी कपिलेश्वराचे दर्शन घेऊन, पाय दुखत नसतील तर, खडेबाजारातून एक फेरी मारावी.

दुसऱ्या दिवशी मात्र गोकाकला अवश्य जावे, कारण पावसाळा सरताना घटप्रभेला पाणी असते आणि सुमारे बावन्न मीटरांवरून कोसळणारा तो धबधबा उन्हाळ्यात असा दिसत नाही. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर आहे, म्हणून सकाळी लवकर निघावे. कड्याच्या टोकाशी खडक निसरडे असतात. ज्येष्ठांना तेथवर नेऊ नये, दुरूनही धबधबा उत्तम दिसतो. परतताना गोकाकचा करदंट, म्हणजे गूळ आणि सुक्या मेव्याची मिठाई, घ्यावा. आंबोली या खेपेस सोडून द्यावी, कारण सातारकरांना घाट आणि धुके नवे नाही.

सासऱ्यांना जुन्या मंदिरांची ओढ असेल, तर गोकाकऐवजी खानापूर तालुक्यातील हलशी निवडावी. गोव्याच्या कदंब राजांची ही दुसरी राजधानी होती. तेथील भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, आणि मधल्या मंडपात उभे राहिले की एकीकडे वराह व दुसरीकडे नरसिंह दिसतो. तेथे गर्दी नसते. माझ्या मते आपल्या जिल्ह्यात यापेक्षा शांत जागा क्वचितच असेल. जेवणाची सोय मात्र घरूनच करून न्यावी.

शहरात आणि खानापूर भागात मराठीत सहज बोलता येते; गोकाककडे कन्नडच अधिक चालते, त्यामुळे तिकडे कन्नड येणारा चालक घेतल्यास बरे. कुंदा शेवटच्या दिवशीच बांधून घ्यावा, तो दुधाचा असल्याने प्रवासात फार काळ ठेवू नये. मांडे मिळाले तर डब्यात वरच्या बाजूला ठेवावेत, नाहीतर साताऱ्याला पोहोचेपर्यंत त्यांचा चुरा होतो.