अमेरिकेतली ऐतिहासिक घरं आणि गावोगावची छोटी संग्रहालयं बघण्यासारखी असतात का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीतल्या एडिसन गावी मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलाय, नायगारा-न्यूयॉर्क-वॉशिंग्टन उरकून झालंय आणि आता मुलगा म्हणतो आसपासची जुनी घरं बघून या. पण जेमतेम अडीचशे वर्षांच्या देशात जुनं असं काय असणार, हा तुमचा प्रश्न.

माझे बाबा आले तेव्हा विमानतळावरून घरी पोचेपर्यंत त्यांनी हेच दोनदा विचारलं होतं. साताऱ्याजवळचं आमचं घर पडायला आलंय, पण त्याचा उंबरठा अमेरिकेपेक्षा जुना आहे याचा त्यांना कोण अभिमान! मी वाद घातला नाही. दर शनिवारी आई-बाबा दोघांना गाडीत बसवून एकेका घराला नेत गेले. दोन महिन्यांनी बाबाच शुक्रवारी रात्री विचारायला लागले, "उद्या कुठं?"

तर बघाच. फक्त 'किती जुनं' हे मोजायला जाऊ नका, त्यात आपण जिंकणार हे ठरलेलंच आहे. आमच्या आईने पहिल्याच घरात वेगळं विचारलं, "स्वयंपाक कुठं करायचे हे लोक? आणि करायचं कोण?" तेव्हापासून मी प्रत्येक घरात तेच विचारते. दिवाणखाने सगळीकडे सारखेच असतात हो. घड्याळ, तसबिरी, दोरी लावलेली खुर्ची. घर कळतं ते चुलीपाशी.

ते पहिलं घर म्हणजे मॉरिसटाउनचं फोर्ड मॅन्शन, तुमच्यापासून पाऊण तासावर. स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, १७७९ च्या डिसेंबरात, जॉर्ज वॉशिंग्टन आपला लवाजमा घेऊन इथे मुक्कामाला आला. साल ऐकताच बाबांची कळी खुलली. त्याच वर्षीच्या जानेवारीत मराठ्यांनी वडगावला इंग्रजांना कोंडून तह करायला लावला होता! आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडेच आला. बाबांनी हे सगळं तिथे माहिती सांगणाऱ्या रेंजरला ऐकवलं. मी आपली भिंतीकडे बघत उभी. पण त्या माणसाने 'वडगाव'चं स्पेलिंग विचारून ते वहीत लिहून घेतलं.

आईला मात्र त्या घराच्या मालकिणीत रस. फोर्डबाई विधवा, पदरात चार मुलं. दोन खोल्या स्वतःकडे ठेवून बाकी घर तिने वॉशिंग्टनला दिलं. त्या शतकातला सगळ्यांत कडक हिवाळा, आणि स्वयंपाकघर एकच. जानेवारीत वॉशिंग्टनने सैन्याच्या पुरवठ्याचं बघणाऱ्या जनरल ग्रीनला तक्रारीचं पत्र लिहिलं: माझी अठरा माणसं आणि फोर्डबाईंची सगळी तिच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने आहेत आणि सर्दीने एकाच्याही तोंडून धड शब्द फुटत नाही. आई म्हणाली, "एका ओट्यावर दोन बायका नांदत नाहीत, हिने पलटण नांदवली." वॉशिंग्टनबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण त्याच्या घरात कुणाला सर्दी झाल्याचं पहिल्यांदाच ऐकलं.

तुमच्या दाराशी असलेलं मेन्लो पार्क तर चुकवूच नका. ओक ट्री रोडवर आपण भाजी आणि फरसाण घेऊन परत फिरतो, पण मोठा दिवा डोक्यावर घेतलेला तो मनोरा किती जणांनी जवळून पाहिलाय? एडिसनने १८७६ मध्ये तिथे प्रयोगशाळा थाटली, पुढच्या वर्षी फोनोग्राफ, म्हणजे आवाज साठवून वाजवणारं यंत्र, आणि १८७९ मध्ये विजेचा दिवा तिथलाच. आता मूळ इमारत मात्र नाही. हेन्री फोर्डने १९२९ च्या सुमारास उरलंसुरलं सामान, फळ्या आणि चक्क तिथली लाल मातीसुद्धा रेल्वेने मिशिगनला नेली आणि प्रयोगशाळा तिकडे पुन्हा उभी केली. बाबा म्हणाले, "म्हणजे घर तिकडं, पत्ता इकडं." मनोऱ्याजवळचं संग्रहालय इवलंसं आहे, तासाभरात बघून होतं. जुना फोनोग्राफ वाजवून दाखवतात का ते जरूर विचारा.

न्यूयॉर्कला झपाट्याने गेला असाल तर पुन्हा एकदा जा, फक्त टेनेमेंट म्युझियमसाठी. ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट ही १८६३ मध्ये बांधलेली चाळ आहे. मी चाळच म्हणणार, दुसरा शब्द नाही. सव्वातीनशे चौरस फुटांत तीन खोल्या, मधलं स्वयंपाकघर अंधारं, संडास मागच्या अंगणात. १९३५ पर्यंत वीसहून जास्त देशांतून आलेली सुमारे सात हजार माणसं तिथे राहून गेली. मग नवे नियम पाळण्याचा खर्च नको म्हणून मालकाने भाडेकरू काढले, खालची दुकानं ठेवली आणि वरचे मजले पन्नासेक वर्षं बंद राहिले. म्हणून आत भिंतीच्या कागदाचे थर अजून एकावर एक आहेत, कोपऱ्यात सुटलेल्या पापुद्र्यातून खालची तीन-चार घराणी डोकावतात. बाबांचं बालपण गिरगावात मामाकडे गेलेलं. त्या जिन्यावर ते गप्प झाले आणि बराच वेळ कठड्याला हात लावून उभे राहिले.

लांबच्या प्रवासाची तयारी असेल तर व्हर्जिनियात माँटिचेलो, अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसनचं घर. प्रवेशदालनातल्या घड्याळाची वजनं जसजशी खाली येतात तसतसा भिंतीवर वार कळतो, पण भिंत पुरली नाही म्हणून जमिनीला भोक पाडून शनिवार तळघरात नेलाय. सगळे हसतात. मग जेवणघरात या. तिथल्या दाराला फळ्या आहेत आणि ते गोल फिरतं: बाहेरून ताटं ठेवायची, दार फिरवायचं, अन्न आत. वाढणारा दिसायलाच नको! स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सगळी माणसं समान' असं लिहिणाऱ्या या गृहस्थाने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. स्वयंपाकी जेम्स हेमिंग्ज त्यांतलाच. त्याला पॅरिसला नेऊन फ्रेंच स्वयंपाक शिकवला, आणि धाकट्या भावाला तयार केल्यावरच १७९६ मध्ये मोकळं केलं. माँटिचेलोत हे आता सरळ सांगतात.

सगळीकडे सांगत नाहीत. न्यू जर्सीतल्याच एका घरात, नाव लिहीत नाही, गाईडबाई तासभर चांदीची भांडी दाखवत होत्या. आईचा प्रश्न मी इंग्रजीत विचारला तर "सर्व्हंट्स" एवढं म्हणून पुढे गेल्या. गुलामगिरी म्हणजे दक्षिणेतली गोष्ट अशी माझीही समजूत होती. न्यू जर्सीने १८०४ मध्ये ती हळूहळू संपवायचा कायदा केला खरा, पण पूर्ण संपायला यादवी युद्ध व्हावं लागलं. तेव्हा असं मोघम उत्तर मिळालं की समजायचं, इथे एक खोली बंद आहे.

आता मला सगळ्यांत आवडलेला दिवस. उत्तरेला दोन तासांवर हाइड पार्क, फ्रँकलिन रूझवेल्टचं जन्मघर. पोलिओने त्याचे पाय गेले होते. त्याची चाकांची खुर्ची म्हणजे साध्या लाकडी खुर्चीला चाकं लावलेली, आपल्या स्वयंपाकघरात शोभेल अशी. वरच्या मजल्यावर जायला ट्रंका चढवायचा पाळणा होता, त्यात बसून तो स्वतः दोर ओढत वर जायचा. अमेरिकेचा अध्यक्ष, सामानाच्या पाळण्यात!

तिथून थोडं दक्षिणेला पोकीप्सीचं दफनस्थान. आनंदीबाई जोशींची रक्षा तिथे आहे. १८८३ च्या जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, पत्रांतून मैत्री झालेल्या कार्पेंटरबाईंकडे राहिल्या. तारांवरून वीज आणून एडिसनने त्याच वर्षी जानेवारीत उजळलेलं गाव हेच. १८८६ मध्ये डॉक्टर, पुढच्या फेब्रुवारीत पुण्याला मृत्यू, वय पुरतं बावीसही नाही. रक्षा कार्पेंटरबाईंकडे आली आणि त्यांनी ती या दफनस्थानातल्या आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. दगड साधा आहे, सहज दिसत नाही, आधी फोन करून जागा नीट विचारून घ्या. आईने पर्समधून कुंकवाची डबी काढली. "सवाष्ण गेली ती," म्हणाली, आणि दगडाशेजारच्या गवतावर बोट टेकवलं.

थोडं कामाचं. फोर्ड मॅन्शन, हाइड पार्क अशी सरकारी ठिकाणं सांभाळणाऱ्या पार्क सर्व्हिसचा ज्येष्ठांचा पास नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळतो, तुम्हाला नाही. पण मुलाच्या वाचनालयात संग्रहालयांचे पास पुस्तकासारखे घरी मिळतात का, ते बघा. बऱ्याच ठिकाणी मिळतात. जुने जिने अरुंद आणि उभे असतात, गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा. गावातल्या इतिहास मंडळाची घरं बऱ्याचदा महिन्यातल्या एखाद्या रविवारीच दुपारी उघडतात. तिथे निवृत्त माणसं हौसेने बसलेली असतात आणि कुणी आलं की त्यांना इतका आनंद होतो की लवकर निघता येत नाही, पुढचं काही ठरवू नका. आणि ऑक्टोबरपर्यंत असाल तर युनियन काउंटीत एका शनिवार-रविवारी अशी बरीच घरं एकदम फुकट उघडतात. रोझेल त्याच काउंटीत आहे.